जे उंचीवरून पडले नाहीत

भट्टीतून काढलेला लालभडक रिव्हेट चिमट्यात धरून एक कामगार हवेत भिरकावतो. काही फुटांवर, अरुंद पोलादी तुळईवर उभा असलेला दुसरा तो पत्र्याच्या डब्यात झेलतो आणि चिमट्याने उचलून छिद्रात बसवतो. तिसरा मागच्या बाजूने जड लोखंडी दांडा टेकवून रेटा देतो. चौथा हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने पुढचं टोक ठोकून त्याला टोपी घडवतो. गार होताना रिव्हेट आकसतो आणि दोन पोलादी भाग कायमचे आवळले जातात. एखादा रिव्हेट झेलायचा चुकला, तर तो निखारा थेट खाली, जिथे इतर माणसं काम करत असत. मग भट्टीतून पुढचा रिव्हेट निघे. दिवसभरात असे शेकडो.

१९३० साली न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगचा सांगाडा असा उभा राहिला. मार्चमध्ये काम सुरू झालं आणि १ मे १९३१ रोजी १०२ मजल्यांची इमारत खुली झाली. ऐन भरात एका दिवशी तीन हजारांहून अधिक माणसं तिथे राबत होती. लुईस हाइन या छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रं काढून ठेवली आहेत. डोक्यावर कापडी टोपी, कमरेला दोर नाही, कानांत काही नाही. बघणाऱ्याची नजर जाते ती त्यांच्या पायांखालच्या पोकळीकडे.

या बांधकामातल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा ५ आहे. एकाला ट्रकने उडवलं, एक लिफ्टच्या विहिरीत पडला, एकाला माल चढवणाऱ्या यारीचा मार बसला, एक सुरुंगाच्या जागेत सापडला आणि एक परांचीवरून कोसळला. त्या काळच्या एका वृत्तपत्राने १४ मृत्यू सांगितले होते. आकडा कुठलाही धरला, तरी तो बांधकामाच्या जागेवर, त्या चौदा महिन्यांत गेलेल्यांचाच आहे. दहा वर्षांनी ज्याला नातवंडांचं बोलणं ऐकू येईनासं झालं किंवा ज्याची बोटं थंडीत पांढरी पडू लागली, तो कोणत्याच यादीत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने या इमारतींचा खरा हिशेब तिथून सुरू होतो.

आधी कानांचं पाहू. रिव्हेट ठोकणाऱ्या हातोड्याचा आवाज जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या कानाशी ११० डेसिबलच्याही वर जातो. आठ तासांच्या कामासाठी आज ८५ ते ९० डेसिबलची मर्यादा मानतात, आणि डेसिबलचं मोजमाप असं आहे की दर दहा अंकांना आवाजाची ऊर्जा दहापट होते. आतल्या कानात शंखासारख्या वळणाच्या नळीत सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचं रूपांतर त्या मज्जातंतूच्या संदेशात करतात. अति आवाजाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सर्वांत आधी जातात त्या उंच पट्टीच्या आवाजांच्या पेशी. म्हणून असा रुग्ण सुरुवातीला ‘ऐकू येत नाही’ असं म्हणतच नाही. ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ असं म्हणतो. स, श, फ यांसारखे वर्ण निसटतात आणि चारचौघांच्या गलक्यात तो गप्प बसू लागतो. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला.

हे त्या काळी ठाऊक नव्हतं असं नाही. ग्लासगोचे कानतज्ज्ञ थॉमस बार यांनी १८८६ मध्येच बॉयलर बांधणाऱ्या शंभर कारागिरांचे कान तपासले होते. तेही रिव्हेटचंच काम. त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना सभेतलं भाषण ऐकणं अवघड जात होतं किंवा अशक्य होतं. पुढे न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याच्या पुढाकाराने १९२९ मध्ये शहरातल्या गोंगाटाची पाहणी करायला आयोगही नेमला गेला. त्याने वाहनं, रेडिओ, रिव्हेटिंग या सगळ्यांचे आवाज मोजले. काळजी होती ती मुख्यतः त्या आवाजाने झोप मोडणाऱ्या शहरवासीयांची. हातोडा ज्याच्या हातात होता, त्याच्यासाठी तो धंद्याचा भाग होता.

हातांचंही तसंच. १९१८ मध्ये डॉ. अॅलिस हॅमिल्टन अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्डच्या चुनखडी-खाणींत गेल्या. हवेच्या हातोड्याने दगड घडवणाऱ्या कामगारांची बोटं थंडीत मेणासारखी पांढरी पडतात आणि त्यांतली जाणीव जाते, हे त्यांनी नोंदवलं. सततच्या कंपनांनी बोटांच्या रक्तवाहिन्यांना आणि नसांना इजा होते. मग जरा गारवा लागला की वाहिन्या आवळतात आणि रक्त पोहोचत नाही. रिव्हेटचा हातोडा त्याच जातीचा होता. हिवाळ्यातल्या वाऱ्यात तुळईवर उभ्या असलेल्या माणसाला बोटं बधिर होणं म्हणजे काय, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मग उंचीची भीती? माँट्रियलजवळच्या कानावाकीचे मोहॉक आदिवासी या कामात नावाजलेले होते आणि ‘त्यांना उंचीची भीतीच नसते, ते रक्तातच आहे’ अशी आख्यायिका पसरली. शरीरशास्त्रात याला आधार नाही. उभं राहताना आपलं शरीर सतत सूक्ष्मपणे डुलत असतं. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय, तळपाय व सांध्यांतली जाणीव आणि डोळे मिळून ते सावरतात. डोळे जवळच्या वस्तूंच्या हलण्यावरून अंदाज घेतात. उंचावर जवळ काहीच नसतं, म्हणून डुलणं वाढतं आणि भोवळ येते. सवयीने, नजर तुळईवर खिळवून ठेवून त्यावर बऱ्याच अंशी मात करता येते. मोहॉक कामगारांनाही भीती वाटे. ते ती मनात ठेवून काम करत. २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडात क्यूबेकचा पूल बांधत असतानाच कोसळला. ७५ माणसं मेली, त्यांतली ३३ कानावाकीची होती. एका गावातले सगळे पुरुष यापुढे एकाच कामावर जायचे नाहीत, असा आग्रह तिथल्या बायकांनी धरला.

सर्वांत भीषण दुखणं मात्र उंचीवर नव्हतंच. ते जमिनीखाली होतं.

मॅनहॅटनच्या दक्षिण भागात पक्का खडक खोल आहे आणि त्यावर पाण्याने भरलेली वाळू. इमारतीचा भार खडकापर्यंत न्यायचा, तर त्या वाळूतून खाली उतरायला हवं. तांब्या पाण्यात पालथा दाबला की आत हवा कोंडून राहते आणि पाणी शिरत नाही. याच तत्त्वावर ‘केसॉन’ ही तळ नसलेली प्रचंड पेटी जमिनीत बसवत. आत दाबाखाली हवा भरत आणि त्या हवेत माणसं खणत. माती निघेल तशी पेटी खाली सरके. पुलांसाठीची ही युक्ती १८९३-९४ मध्ये मॅनहॅटन लाइफ कंपनीच्या इमारतीसाठी वापरली गेली. १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या वुलवर्थ बिल्डिंगच्या केसॉननी शंभर फुटांहून अधिक खोली गाठली.

पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर काम करणारा माणूस नेहमीच्या चौपट दाबाची हवा श्वासात घेतो. तिच्यातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, मज्जारज्जूत विरघळतो. आत असताना काहीच त्रास होत नाही. पाळी संपवून माणूस घाईने वर आला, की गोटीसोड्याची गोटी दाबल्यावर व्हावं तसं होतं. विरघळलेल्या वायूचे बुडबुडे फुटून येतात. सांध्यांत असह्य कळा, अंगाला खाज, चक्कर. मज्जारज्जूत बुडबुडे झाले तर पाय लुळे पडतात, आणि काहींचा मृत्यू होतो. ब्रुकलिन पुलाच्या केसॉनमध्ये १८७२ च्या सुमारास डॉ. अँड्र्यू स्मिथ यांनी असे शंभरावर रुग्ण पाहिले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग स्वतः याच आजाराने खाटेला खिळले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्या सूचना पत्नी एमिली कामावर पोहोचवत राहिल्या.

दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये दाखवून दिलं. पण उपाय प्रत्यक्षात आणला एका अभियंत्याने. हडसन नदीखालच्या बोगद्यात वर्षाला चारांतला एक कामगार मरत होता. १८९० च्या आसपास अर्नेस्ट मॉयर यांनी तिथे एक लोखंडी खोली बसवली. कळा सुरू झालेल्या माणसाला तीत पुन्हा दाबाखाली ठेवायचं आणि दाब हळूहळू उतरवायचा. पुढच्या पंधरा महिन्यांत १२० माणसांपैकी दोनच दगावली. दाब टप्प्याटप्प्याने कसा उतरवावा, याची कोष्टकं हाल्डेन यांनी १९०८ मध्ये दिली.

तरी एक गोष्ट उरली. बुडबुडे हाडांच्या बारीक रक्तवाहिन्याही बंद करतात. मग खुब्याच्या किंवा खांद्याच्या हाडाचा गोळा आतून मरतो आणि पुढे खचतो. हॅम्बुर्गच्या एल्ब बोगद्यातल्या कामगारांत हे १९११ मध्ये प्रथम वर्णन केलं गेलं. लंगडणं सुरू होतं ते काम सोडल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. तोवर माणूस दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला. रामाझिनी यांनी १७०० मध्येच लिहून ठेवलं होतं की, रुग्णाला त्याचा धंदाही विचारा. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न आजही सर्वांत आधी गळतो. विचारलाच, तर सध्या काय करता एवढंच विचारलं जातं. वीस वर्षांपूर्वी काय करत होता, हे नाही.

धुळीचं उत्तर तर त्याहून उशिरा येतं. पोलादाच्या सांगाड्यात वाफेच्या नळ्या फिरवल्या की त्यांवर अॅस्बेस्टॉसचं वेष्टण चढे. न्यूयॉर्क परिसरातल्या अशा ६३२ कामगारांचा मागोवा डॉ. आयर्विंग सेलिकॉफ यांनी घेतला आणि १९६४ मध्ये निष्कर्ष मांडला. फुप्फुस किंवा त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सहा-सात मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात झाले ४५.

शिसंही होतंच. पोलाद गंजू नये म्हणून त्याला शेंदराचा हात देत. आपण देवाला लावतो तोच पारंपरिक शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. त्यावर तापलेला रिव्हेट ठोकला की शिशाची वाफ निघे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या मनोऱ्यांतल्या कोंदट कप्प्यांत काम करणाऱ्यांना अशी विषबाधा झाली. त्याच पुलाखाली मात्र जाळी बांधली होती आणि तिने पडणाऱ्या १९ जणांचे प्राण वाचवले. पडण्यावर उपाय सुचला, कारण पडणं सगळ्यांना दिसत होतं.

भरपाईचा कायदाही याच क्रमाने चालला. आधी कामगाराने न्यायालयात मालकाची चूक सिद्ध करायची असे. धोका माहीत असूनही काम पत्करलं, एवढ्यावर दावा फेटाळला जाई. न्यूयॉर्क राज्याचा १९१० चा पहिला भरपाई कायदा न्यायालयाने १९११ मध्ये रद्द केला. राज्यघटना दुरुस्त करून १९१४ मध्ये तो पुन्हा आणावा लागला. पण भरपाई जोडलेली होती बुडालेल्या मजुरीशी, आणि बहिऱ्या माणसाची मजुरी बुडत नाही. त्या गोंगाटात तसंही कोणाला काही ऐकू येत नसे. हळूहळू आलेल्या बहिरेपणालाही, मजुरी बुडाली नसली तरी, भरपाई मिळायला हवी, असं न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने एका घणकाम कारखान्यातल्या कामगाराच्या दाव्यात मान्य केलं, ते १९४८ मध्ये. त्यानंतर तीन वर्षांनी इमारतींच्या सांगाड्यात मजबूत बोल्ट वापरण्याचे पहिले नियम अमेरिकेत निघाले आणि रिव्हेटच्या टोळ्या एकेक करून मोडू लागल्या.