पंखा फिरतो, पण गरमी निघते का?



आमच्या घरात संगणक आला तो २०२४ च्या एप्रिल महिन्यात. आला म्हणण्यापेक्षा जोडला गेला म्हणणे बरोबर ठरेल. आमची थोरली मुलगी तंत्रनिकेतनात शिकते. तयार संगणक परवडेना, म्हणून तिने सुट्या भागांची यादी केली. आम्ही बचत गटातून कर्ज उचलले आणि नागपूरच्या बाजारातून एकेक भाग विकत आणला. आम्ही दोघे नवराबायको. एक शिवणकाम करते, दुसरा कारखान्यात फिटर आहे. पोरीने जमिनीवर चादर अंथरून, पुस्तक समोर ठेवून दोन दिवसांत सगळा संगणक जोडला. पडद्यावर उजेड आला तेव्हा शेजारपाजारची मुलेसुद्धा टाळ्या वाजवून गेली.

हा आनंद तीन आठवडे टिकला. मे महिना लागला आणि संगणक आपोआप बंद पडू लागला. आधी तो मंद होई, मग पंखा मोठ्याने घरघरे आणि मग पडदा एकदम काळा. पोरीचा प्रकल्प पंधरा दिवसांत द्यायचा होता. घरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य आले : मुलीने जोडला, दुकानदाराकडून जोडून घ्यायला हवा होता. हे वाक्य पाहुण्यांनी आधी म्हटले, मग आम्हीही म्हटले. ते लपवण्यात अर्थ नाही.

आम्हाला पहिला संशय आला आमच्याच हातच्या कामाचा. धूळ बसू नये म्हणून आम्ही संगणकाला फुलांचा, झालर लावलेला अभ्रा शिवला होता आणि चालू असतानाही तो अर्धा अंगावरच राही. तो काढून टाकला. फरक पडला नाही. मग दुकानात फोन केला. दुकानदाराने विचारले, "कूलर नीट बसलाय ना?" आम्ही म्हटले, "हो, खिडकीतच बसवलाय, पाणीही भरतो." पोरगी कपाळावर हात मारून हसली. ते विचारत होते प्रोसेसरवरच्या कूलरविषयी. हा कूलर म्हणजे बारीक पात्यांचा धातूचा ठोकळा आणि त्यावरचा छोटा पंखा. पंखा फिरतो असे सांगितल्यावर उत्तर मिळाले, "मुलीनं जोडला म्हणता? मग प्रोसेसरच गेला असेल. घेऊन या, साडेचार हजारांत जुना बसवून देतो."

आम्ही पैशांची जुळवाजुळव सुरू केली. पोरगी म्हणाली, "बाबा, पंखा फिरतो म्हणजे गरमी निघतेच असं नाही. मला दोन दिवस द्या." ते दोन दिवस आम्ही दिले. त्यात जे शिकलो ते आपल्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

गरमीचा रस्ता

साधारण प्रोसेसर भर कामात ६५ वॅट किंवा त्याहून जास्त वीज घेतो आणि तिची गरमी होते. जुन्या ६० वॅटच्या बल्बला हात लावता येत नसे, हे आपल्याला माहीत आहे. इथे तेवढीच गरमी आगपेटीएवढ्या जागेत तयार होते. तिला बाहेर पडायला चार टप्पे ओलांडावे लागतात. प्रोसेसरपासून धातूच्या ठोकळ्यात, ठोकळ्यातून पंख्याच्या हवेत, हवेबरोबर डब्याच्या बाहेर आणि शेवटी खोलीच्या बाहेर. चारपैकी एक टप्पा अडला तरी मागची गरमी साचते. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा साधारण ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणून संगणक मंद होतो. तरीही तापमान वाढत राहिले तर तो स्वतःच बंद होतो. म्हणजे असे बंद पडणे हे प्रोसेसर मेल्याचे लक्षण नव्हे, तो जगण्याची धडपड करीत असल्याचे लक्षण आहे.

आधी मोजा, मग उघडा

पोरीने एक वही घेतली. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबली की बायोस उघडते. तिथे प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे मिनिटाला किती फेरे होतात ते दिसते. काम चालू असताना पाहायचे तर एचडब्ल्यू-इन्फोसारखा मोफत प्रोग्राम चालतो. आमच्या वहीतली पहिली नोंद अशी : खोली ३८ अंश, संगणक रिकामा असताना ५८, व्हिडिओ तयार करण्याचे जड काम लावले की दहा सेकंदांत १००. पंखा मात्र भरवेगात.

या नोंदीतली दहा सेकंदे महत्त्वाची. काम लावताच तापमान झपकन चढत असेल तर दोष पहिल्या टप्प्यात असण्याचा संभव जास्त, म्हणजे ठोकळा प्रोसेसरला नीट चिकटलेला नाही. तापमान दहा-वीस मिनिटे हळूहळू चढत राहिले तर दोष बहुधा पुढच्या टप्प्यांत, म्हणजे डब्यातली हवा बाहेर जात नाही. दुसरी परीक्षाही सोपी आहे. डब्याची बाजूची पत्र्याची झडप काढून तेच काम पुन्हा लावावे. तापमान बरेच उतरले तर डब्यात हवा कोंडत आहे. काहीच फरक नसेल तर ठोकळ्याकडे पाहावे. आमच्याकडे झडप काढूनही तेच दहा सेकंद आणि तेच १०० अंश.

आणि तापमान ६० अंश असतानाच संगणक बंद पडत असेल तर गरमीचा नाद सोडावा. मग वीजपुरवठ्याचा डबा, सैल जोडणी किंवा घरातली कमी-जास्त होणारी वीज तपासावी.

पहिला टप्पा : ठोकळा

उघडण्यापूर्वी संगणक बंद करून प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरू द्यावी. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीही खोलू नये. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असते.

आमच्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या होत्या. त्या एका बाजूने एकामागून एक दाबल्या की ठोकळा कलतो. एक खुंटी दाबावी, मग तिच्या समोरच्या कोपऱ्यातली, मग उरलेल्या दोन. प्रत्येक वेळी टक असा आवाज आला पाहिजे. बोर्डाच्या मागून पाहिले तर चारही टोके सारखी बाहेर आलेली दिसतात. पोरीने बॅटरी लावून पाहिले. तीन टोके आली होती, चौथे अर्ध्यात अडकले होते. कारखान्यात आम्ही रोज चाकाचे नट समोरासमोर आवळतो. तोच नियम इथे होता आणि आम्हाला तो सुचला नव्हता.

ठोकळा एकदा हलला की जुनी पेस्ट चालत नाही. ही पेस्ट दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटी भरते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसावी, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी आणि ठोकळा सरळ खाली दाबावा. पेस्टऐवजी टूथपेस्ट किंवा क्रीम लावण्याचे उद्योग करू नयेत. नव्या कूलरच्या तळाला कधीकधी पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो काढायचा राहून गेला तरी हीच लक्षणे दिसतात. काही प्रोसेसर ठोकळा ओढताना त्याला चिकटून खाचेतून वर येतात. म्हणून आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग बंद करून, प्लग काढून, ठोकळा हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा.

खुंटी बसली, पेस्ट लावली. वहीतली नोंद : रिकामा ४७, भर कामात ८८. त्या रात्री घरात कोणी लवकर झोपले नाही.

दुसरा टप्पा : ठोकळ्यावरचा पंखा

याची वायर बोर्डावर सीपीयू-फॅन असे लिहिलेल्या जागीच लावावी. दुसरीकडे लावली तर पंखा फिरेल, पण प्रोसेसरच्या गरमीप्रमाणे वेग बदलेलच असे नाही. अनेक बोर्ड तर सुरू होतानाच पंखा सापडत नसल्याचा इशारा देतात. चार पिनांच्या पंख्याचा वेग चौथ्या पिनेवरून येणाऱ्या इशाऱ्याने बदलतो. तीन पिनांचा पंखा असेल तर बायोसमध्ये त्या जागेसाठी डीसी हा पर्याय निवडावा, नाहीतर तो सतत भरवेगात ओरडत राहतो. करकर असा आवाज येत असेल तर एखादी वायर पात्याला घासते का ते आधी पाहावे. ग्राफिक्स कार्डाचे पंखे आणि काही वीजपुरवठ्यांचे पंखे काम कमी असताना मुद्दाम थांबलेले असतात. ते पाहून भाग बिघडला असे समजू नये.

तिसरा टप्पा : डबा

८८ अंश चालण्याजोगे होते, पण पोरीचे समाधान झाले नाही. तिने उदबत्ती पेटवली आणि डब्याच्या पुढे-मागे धरली. पुढच्या जाळीशी धूर आत ओढला गेला, ते बरोबर. मागच्या पंख्याशीही धूर आतच जात होता! पुढून हवा आत आणि मागूनही आत, मग गरम हवेने जायचे कोठे? पंखा उलटा बसला होता. बहुतेक पंख्यांत ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. साधा नियम असा की पुढून आत आणि मागून व वरून बाहेर. चार स्क्रू काढून पंखा फिरवून बसवला. नोंद : रिकामा ४४, भर कामात ८२.

चौथा टप्पा : आपली खोली

हा टप्पा आपल्या घरांसाठी सर्वांत कठीण. पंखा संगणकाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतला आकडाही सुमारे तेवढाच वर जातो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या छताखाली काय होते ते आपण भोगतोच. म्हणून जड काम पहाटे किंवा रात्री लावावे. डबा कपाटात कोंडू नये, मागे वीतभर जागा सोडावी आणि जमिनीऐवजी पाटावर किंवा टेबलावर ठेवावा. खिडकीतल्या कूलरची ओली हवा थेट संगणकावर सोडू नये. वीज आणि ओल यांचे जमत नाही. कूलरने खोली थंड व्हावी, पण झोत दुसरीकडे असावा. महिन्यातून एकदा पुढची जाळी काढून धुवावी आणि पूर्ण वाळवून बसवावी. आतली धूळ मऊ ब्रशाने काढावी आणि त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. आमचा अभ्रा अजून आहे. पण तो संगणक बंद करून गार झाल्यावरच चढतो.

पोरीचा प्रकल्प वेळेवर गेला. या सगळ्या दुरुस्तीला खर्च आला तो पेस्टच्या एका छोट्या नळीचा. प्रोसेसर तोच आहे, आजही चालतो. साडेचार हजार वाचले हे खरे, पण ते देऊन बसलो असतो तर खुंटी अर्ध्यातच राहिली असती का, कोण जाणे. पोरीने मात्र पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात धरला नसता, हे आम्हाला नक्की वाटते.

खुंटी तिच्याच हातून अर्धी राहिली होती आणि पंखाही तिनेच उलटा बसवला होता. तिने ते वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे. चूक सापडली ती तिलाच. आम्ही तिला बोललो होतो त्याबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आई, आता मागच्या गल्लीतल्या अभ्यासिकेचा संगणक पाहायला जायचंय. तुझ्या डब्यातली उदबत्ती घेऊ का?"