चार खाटांची खोली

करोनाच्या पहिल्या लाटेत शुश्रूषागृहांतले एवढे वृद्ध का दगावले, असं विचारलं की हमखास उत्तर येतं: ‘वयच झालं होतं हो त्यांचं.’ या विषयातला हा सर्वांत रुजलेला आणि सर्वांत घातक गैरसमज आहे. वय हा धोका आहेच. पण सारख्याच वयाची, सारखीच दुखणी असलेली माणसं एका गृहात वाचली आणि दुसऱ्यात गेली, हे कोडं वयातून सुटत नाही.

कॅनडाकडे पाहा. तिथल्या पहिल्या लाटेत करोनाने गेलेल्या दर पाच जणांपैकी चार जण दीर्घकालीन शुश्रूषागृहांत किंवा वृद्धनिवासांत राहणारे होते. ऑन्टारिओ आणि क्युबेक प्रांतांत तर काही गृहांत लष्कर पाठवावं लागलं. लष्कराने मे २०२० मध्ये दिलेल्या अहवालात वेळेवर न भरवलेल्या, न पुसलेल्या, हाका मारत पडून राहिलेल्या माणसांची वर्णनं आहेत. ती वाचताना अजूनही पोटात कालवतं.

ऑन्टारिओतल्या संशोधकांनी एक साधाच प्रश्न धरून ६१८ गृहांतल्या ७८ हजारांहून अधिक वृद्धांची माहिती तपासली. एका खोलीत आणि एका न्हाणीघरामागे सरासरी माणसं किती? विषाणू आत शिरण्याचं प्रमाण दाटीच्या आणि मोकळ्या गृहांत जवळपास सारखंच निघालं. फरक पडला तो शिरल्यानंतर. मोकळ्या गृहांत राहणाऱ्यांपैकी १.३ टक्के करोनाने गेले, दाटीच्या गृहांत २.७ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त.

या दाटीचं मूळ इमारतींत आहे. १९७२ च्या निकषांवर बांधलेल्या गृहांत एका खोलीत चार खाटा चालत. दोन खाटांमध्ये भिंत नाही, फार तर पडदा. संडास-न्हाणी सामाईक. एकीला खोकला सुरू झाला, की तपासणीचा अहवाल येईपर्यंत उरलेल्या तिघींनी त्याच हवेत श्वास घ्यायचा. अहवाल आल्यावर तिला हलवायचं म्हटलं, तरी रिकामी खोली कुठे असते? चार खाटांच्या सगळ्या खोल्यांत दोनच माणसं ठेवली असती तर काय झालं असतं, याचंही गणित संशोधकांनी मांडलं. २९ मार्च ते २० मे २०२० या काळात गृहांमध्ये १,४५२ मृत्यू झाले होते. त्यातले २६३ टळले असते, असं उत्तर आलं. पुढे जून २०२० मध्ये प्रांताने तीन-चार खाटांच्या खोल्यांत नवी माणसं भरणं थांबवलं.

‘सगळा दोष नफेखोर मालकांचा’ हेही अर्धंच खरं. ऑन्टारिओत नफ्यासाठी चालणाऱ्या गृहांत साथ शिरण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त नव्हती, मात्र शिरलेली साथ तिथे जास्त पसरली आणि जास्त बळी घेऊन गेली. कारणांत जुन्या इमारती आणि साखळी कंपन्यांची मालकी ही दोन ठळक दिसली. जुनी इमारत पाडून नवी बांधायची की नाही, हा निर्णय मात्र कोणीतरी माणूसच घेतो.

दुसरा गैरसमज तापाचा. दारात कपाळाला यंत्र लावलं, ताप नाही, म्हणजे धोका नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका शुश्रूषागृहात लक्षणं असोत-नसोत, ७६ जणांची तपासणी केली गेली. ४८ जण बाधित निघाले आणि त्यातल्या २७ जणांना त्या दिवशी काहीच होत नव्हतं. पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या २४ जणांना लक्षणं दिसली. वृद्धांत तर आजाराची चाहूलच वेगळी असते. आजी जेवणाचं ताट परत पाठवते, असंबद्ध बोलू लागते, दिवसभर झोपून राहते, उठताना पडते. ताप नसतो किंवा अगदी किरकोळ असतो. घरातली माणसं आणि सेविका ‘वयोमानाने होतं’ म्हणून सोडून देतात आणि मोलाचे दिवस हातचे जातात. इंग्लंडमध्ये २०२० च्या वसंतात रुग्णालयांतून वृद्धांना तपासणीविना शुश्रूषागृहांत धाडण्यात आलं. लक्षणं नसलेल्यांकडून पसरणाऱ्या संसर्गाचा विचार न करता आखलेलं ते धोरण लंडनच्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये बेकायदा ठरवलं.

मग नातेवाइकांना दार बंद केलं की झालं? तसंही नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी मोबाइलच्या ठावठिकाण्यावरून पाहिलं, तर भेटी बंद झाल्यानंतरही शुश्रूषागृहात दिसलेल्या फोनपैकी सुमारे ७ टक्के फोन दुसऱ्या एखाद्या गृहातही जात होते. हे फोन बहुतांशी कामगारांचे. त्यांना बोल लावू नये. एका ठिकाणच्या अर्धवेळ पगारात घर चालत नाही आणि आजारी पडून घरी बसलं तर पैसे कापले जातात, तिथे बाई दुसऱ्या पाळीला दुसरीकडे जाणारच. उलट मे २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये २६ गृहांनी काळजीपूर्वक नियम लावून भेटी पुन्हा सुरू केल्या. पहिल्या तीन आठवड्यांत तिथे एकही नवा संसर्ग आढळला नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला लेकीच्या हातून दोन घास जास्त जातात. तिला फक्त पाहुणी समजणं ही मोठी चूक होती.

लशीबद्दल थोडक्यात. ‘एवढ्या म्हाताऱ्या शरीरात लस काय काम करणार?’ वयाबरोबर प्रतिकारशक्ती मंदावते, हे खरं. म्हणूनच पुढच्या मात्रा लागतात. ओमायक्रॉनच्या काळात ऑन्टारिओतल्या गृहांत चौथी मात्रा घेतलेल्यांना तिसरीवर थांबलेल्यांपेक्षा गंभीर आजार किंवा मृत्यूपासून सुमारे ४० टक्के जादा संरक्षण मिळालं.

सर्वांत कमी बोलला जाणारा गैरसमज म्हणजे अशा माणसांवर संशोधन करताच येत नाही. थकलेली, विसराळू, चार-पाच आजार असलेली माणसं औषधांच्या चाचण्यांतून सहसा वगळली जातात आणि मग तीच औषधं सर्वांत आधी त्यांना दिली जातात. २०२० मध्ये अमेरिकेत एका अँटिबॉडी औषधाची चाचणी शुश्रूषागृहांतच झाली. संशोधक मोठ्या गाड्यांत फिरती प्रयोगशाळा घेऊन दाराशी गेले आणि औषध आतच शिरेतून दिलं गेलं. तिथे राहणाऱ्या, औषध मिळालेल्या वृद्धांपैकी ८.८ टक्के आजारी पडले. नुसतं सलाइन मिळालेल्यांत हेच प्रमाण २२.५ टक्के होतं. विषाणू बदलल्यावर ते औषध निरुपयोगी ठरलं, पण अशी चाचणी होऊ शकते हे त्यातून कायमचं सिद्ध झालं.

महाराष्ट्रातल्या शहरांतही आता अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणारी केंद्रं वाढली आहेत. आईवडिलांसाठी अशी जागा बघायला जाल, तेव्हा बाग आणि जेवणाच्या तक्त्यासोबत आणखी काही विचारा. एका खोलीत किती खाटा? न्हाणीघर किती जणांत? साथ आली तर आजाऱ्याला हलवायला खोली आहे का? रात्री किती मावश्या असतात, त्या आणखी कुठे कामाला जातात का, आणि मावशी आजारी पडली तर तिला भरपगारी रजा मिळते का?