निवडलेली बिले नेमकी कोणती? फोनवरील उधारीच्या यादीविषयी

सोलापुरात टॉवेल आणि चादरींचा घाऊक व्यापार करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना लातूरच्या एका दुकानदाराचा फोन आला. "चाचा, माझ्याकडची चार बिले तुमच्या वहीत आहेत की नाहीत? दोन महिने झाले, वसुलीला कोणी येईना झालंय." स्नेह्यांनी फोनवरील यादी उघडून पाहिली. लातूरच्या त्या दुकानाच्या नावावर एक पैसाही बाकी दिसत नव्हता. चारही बिले जमा झाल्याची नोंद होती आणि रक्कम होती रु. ६३,०००.

तो दुकानदार गप्प बसला असता तर ही रक्कम कायमची गेली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता. सर्वांत वाईट गोष्ट अशी की, ती यादी त्यांना आम्हीच तयार करून दिली होती. म्हणून ही चूक कशी झाली ते आमच्या व्यापारी बांधवांपुढे सविस्तर मांडणे आम्हाला आवश्यक वाटते. आज अनेक तरुण आपल्या वडिलांच्या किंवा मामांच्या दुकानासाठी अशी अ‍ॅप्स घरीच बनवत आहेत.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्रामिंगचे मोठे शिक्षण नसतानाही पडद्यावर चौकटी मांडून आणि एक्सेलसारखी सूत्रे लिहून धंद्याचे अ‍ॅप बनवता येते. याला 'लो-कोड' म्हणतात. मायक्रोसॉफ्टचे पॉवर अ‍ॅप्स २०१६ साली सर्वांसाठी खुले झाले. अ‍ॅपशीट हे असेच दुसरे साधन २०२० साली गूगलने विकत घेतले. आम्ही वापरले ते पॉवर अ‍ॅप्स. बिलांची यादी शेअरपॉइंटवर ठेवली आणि वसुलीला जाणाऱ्या मुलाच्या फोनवर ती दिसेल अशी व्यवस्था केली.

घाऊक धंद्यात पैसे बिलागणिक येत नाहीत. पार्टी तीन-चार बिलांचा मिळून एक चेक देते. आमच्या स्नेह्यांचे वडील खतावणीत अशा प्रत्येक बिलापुढे तांबड्या पेन्सिलीने खूण करीत आणि बाजूला चेकचा नंबर लिहीत. फोनवर आम्हाला एवढेच करायचे होते : बाकी बिलांची यादी दाखवायची, हवी ती निवडू द्यायची आणि 'जमा' बटण दाबले की तेवढ्याच बिलांवर जमा अशी नोंद करायची. ऐकायला हे फार सोपे वाटते.

पहिली गफलत सुरुवातीलाच झाली, पण ती लगेच लक्षात आली. अशा यादीला पॉवर अ‍ॅप्समध्ये 'गॅलरी' म्हणतात आणि गॅलरीला 'सिलेक्टेड' नावाचा एक गुण असतो. आमचा समज असा की, चार बिलांवर बोट ठेवले तर सिलेक्टेडमध्ये चार बिले येतील. प्रत्यक्षात त्यात फक्त शेवटी बोट ठेवलेले एक बिल राहते. चार बिलांचा चेक आला आणि जमा एकच झाले. एका बिलाचा तपशील उघडून पाहण्यासाठी हा गुण उत्तम आहे. अनेक बिले निवडण्यासाठी तो नाहीच.

मग आम्ही प्रत्येक ओळीत टिक करण्याची एक चौकट बसवली. टिक केली की ते बिल एका तात्पुरत्या यादीत जाईल आणि टिक काढली की त्यातून निघेल, अशी सूत्रे लिहिली. या तात्पुरत्या यादीला तेथे 'कलेक्शन' म्हणतात. 'कलेक्ट' या सूत्राने नोंद आत येते, 'रिमूव्ह'ने बाहेर जाते. 'जमा' बटण या कलेक्शनमधील प्रत्येक बिलावर नोंद करीत असे. चार-पाच वेळा करून पाहिले, सर्व ठीक चालले. आम्ही निश्चिंत झालो.

लातुरात काय घडले?

वसुलीचा मुलगा लातूरच्या दुकानात बसला. पार्टी निवडली, चार बिलांवर टिक केली. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "आज राहू द्या, गुरुवारी या." मुलाने फोन खिशात टाकला आणि तो उदगीरला गेला. तेथे दुसरी पार्टी निवडली, तिची तीन बिले टिक केली, रु. ३५,२५० चा चेक घेतला आणि 'जमा' दाबले.

पार्टी बदलल्याबरोबर पडद्यावरून लातूरची बिले गेली होती. मुलाला समोर फक्त उदगीरची तीनच बिले दिसत होती आणि तीनही बरोबर होती. परंतु कलेक्शनमध्ये लातूरची चार बिले तशीच बसून होती. बटणाने सातही बिले जमा केली. गुरुवारी मुलगा लातूरला जाणार होता, पण बाकीच्या यादीत लातूरचे नावच राहिले नव्हते. साहजिकच तो गेला नाही.

मुलाकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता. पडद्यावर दिसणाऱ्या टिका आणि अ‍ॅपने लक्षात ठेवलेली बिले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या पडू शकतात हे आम्ही त्याला सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर ते आम्हालाही तोपर्यंत कळले नव्हते. कागदावर असे होत नाही. वहीचे पान उलटले तरी तांबडी खूण त्याच पानावर राहते.

आता केलेली दुरुस्ती सांगतो. कलेक्शन रिकामे करण्याचे 'क्लिअर' हे सूत्र आम्ही तीन ठिकाणी घातले : पडदा उघडताना, पार्टी बदलताना आणि जमा पूर्ण झाल्यावर. पार्टी बदलताना ते घातले असते तर लातूरची बिले वाचली असती. याशिवाय टिकची चौकट आता स्वतःच्या मनाने भरलेली किंवा रिकामी दिसत नाही. ते बिल कलेक्शनमध्ये असेल तरच ती भरलेली दिसते. त्यामुळे पडदा एक सांगतो आणि अ‍ॅप दुसरेच करते, हा प्रकार बंद झाला.

तरीही आमच्या मते सर्वांत उपयोगी ठरली ती साधी बेरीज. पडद्याच्या तळाशी आता 'निवडलेली बिले ३, एकूण रु. ३५,२५०' असे मोठ्या अक्षरांत दिसते. ही बेरीज कलेक्शनवरून केलेली आहे, पडद्यावरील ओळींवरून नव्हे. त्या दिवशी उदगीरला ती असती तर मुलाला 'बिले ७, एकूण रु. ९८,२५०' असे दिसले असते. हातात चेक रु. ३५,२५० चा. शाळकरी पोरगासुद्धा तेथे थांबला असता. शिवाय निवडलेल्या सर्व बिलांची पार्टी एकच नसेल तर बटण दाबलेच जात नाही, अशी अट घातली आहे.

बिल नंबरचा घोळ

हे करताना आणखी एक गोष्ट उघडकीस आली. कोणते बिल कलेक्शनमध्ये आहे हे आम्ही बिल नंबरवरून ओळखत होतो. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्याच्या नियमाप्रमाणे बिलाचा नंबर १६ अक्षर-अंकांपेक्षा मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. वर्ष बदलले की पुन्हा १ पासून सुरुवात करण्यास हरकत नाही, आणि आमच्या स्नेह्यांच्या दुकानात दर १ एप्रिलला तसेच होते. म्हणजे मागील वर्षाचे ११८ नंबरचे बिल बाकी असेल आणि या वर्षीचेही ११८ असेल, तर एकावर टिक केली की दोन्ही भरलेली दिसणार! पार्टीच्या नावावरून ओळखणे तर त्याहून धोक्याचे, एकाच नावाची दोन-दोन दुकाने आपल्या बाजारात कमी आहेत काय?

शेअरपॉइंटची यादी प्रत्येक नोंदीला स्वतःचा एक क्रमांक देते. तो पुन्हा कधी येत नाही. आता ओळख त्यावरूनच होते, बिल नंबर फक्त माणसांना वाचण्यासाठी आहे.

मोठी यादी असलेल्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. काही अटी अशा असतात की पॉवर अ‍ॅप्स त्या मूळ यादीकडे सोपवू शकत नाही. मग ते पहिल्या ५०० नोंदी फोनवर ओढून घेते आणि त्यांतच शोधते. ही मर्यादा वाढवून २,००० पर्यंत नेता येते, त्यापुढे नाही. अ‍ॅप बनवणाऱ्याला याचा इशारा दिसतो, वापरणाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. तसेच गॅलरीतील टिक केलेल्या ओळी थेट वेचण्याची पद्धत काहीजण वापरतात. तीत गॅलरीने तोवर उघडलेल्या नोंदीच येतात, खाली सरकवल्याशिवाय पुढच्या येत नाहीत. म्हणून 'सर्व निवडा' असे बटण ठेवणाऱ्यांनी सर्व म्हणजे किती, हे एकदा मोजून पाहावे. आम्ही ते बटणच काढून टाकले. एका वेळी एका पार्टीची बिले दाखवली की यादी वीस-पंचवीस ओळींची होते आणि हा प्रश्नच उरत नाही.

चेक परत आला तर?

स्नेह्यांनी विचारलेला हा प्रश्न आमच्या मनातही आला नव्हता. बिलावर 'जमा' एवढेच लिहिले असेल तर महिन्याभराने चेक परत आल्यावर कोणती तीन बिले पुन्हा बाकी करायची? कोणाला आठवणार? त्यांच्या वडिलांच्या खतावणीत चेकचा नंबर होता, आमच्या अ‍ॅपमध्ये नव्हता.

म्हणून आता वसुलीची वेगळी यादी आहे. प्रत्येक निवडलेल्या बिलामागे तिच्यात एक ओळ पडते : कोणते बिल, कोणता चेक, किती रक्कम, कोणी घेतली, केव्हा. बाकी किती ते या ओळींवरून निघते. अर्धवट रक्कम आली तरी अडचण नाही आणि चेक परत आला तर त्या नंबरच्या ओळी रद्द केल्या की बिले आपोआप बाकीत येतात. रस्त्यात रेंज जाऊन सातपैकी तीनच नोंदी पोचल्या, असेही होऊ शकते. तेव्हा प्रत्येक नोंद पोचल्याची खात्री होईपर्यंत कलेक्शन रिकामे करायचे नाही, हेही त्यात घातले आहे. एकेक नोंद पाठवण्यापेक्षा सगळ्या एकत्र पाठवल्या तर काम लवकर होते, असा आमचा अनुभव आहे.

लातूरची चार बिले कशी सापडली ते सांगायचे राहिले. शेअरपॉइंटच्या यादीत जुन्या नोंदींचा इतिहास ठेवण्याची सोय चालू होती. त्यात एकाच मिनिटाला सात बिले बदललेली दिसली, चार लातूरची, तीन उदगीरची. चारही पुन्हा बाकी केली आणि मागील सहा महिन्यांत अशी आणखी कोठे गल्लत झाली आहे का, हे पाहण्यासाठी चेकची रक्कम आणि त्या मिनिटाला जमा झालेल्या बिलांची बेरीज ताडून पाहिली. तीन दिवस लागले. आणखी एका ठिकाणी दोन बिलांचा फरक निघाला. त्या पार्टीला स्नेह्यांनी स्वतः फोन केला.

लातूरच्या दुकानदाराने पैसे पुढच्याच आठवड्यात पाठवले. त्यांच्याकडे वसुलीला या वेळी मुलगा गेला नाही, स्नेही स्वतः गेले.