तलावाच्या अस्तरावरील सुरकुत्या

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें अथवा नातवंडें अमेरिकेंत वा कॅनडांत स्थायिक झालीं आहेत. तेथील उपनगरांतून घराच्या मागील अंगणांत पोहण्याचा तलाव असणें ही फारशी अपूर्वाईची गोष्ट नाहीं. हिवाळा सरल्यावर तलावावरील आच्छादन दूर केलें, म्हणजे कधीं कधीं एक अनपेक्षित देखावा दिसतो. गेल्या उन्हाळ्यांत गुळगुळीत असलेल्या निळ्या अस्तरावर लांबच लांब सुरकुत्या पडलेल्या असतात. अशा वेळीं घरधन्याच्या मनांत पहिला विचार येतो तो असा, कीं सारें पाणी उपसून टाकावें, अस्तर ताणून सारखें करावें आणि पुन्हां पाणी भरावें. हा विचार दिसावयास सरळ, पण पुष्कळदां घातक ठरतो. तो कां, हें समजावून देणें हाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम या तलावाची रचना पाहूं. संपूर्ण काँक्रीटचा तलाव बांधणें खर्चाचें काम. म्हणून जमिनींत खड्डा खणून भोंवतीं पोलादी पत्र्याच्या किंवा तत्सम पदार्थाच्या भिंती उभ्या करतात. तळावर दाबलेल्या वाळूचा अथवा सिमेंटमिश्रित गिलाव्याचा थर देतात, आणि या सर्वांवर व्हिनिलचें एक अखंड अस्तर अंथरतात. त्यालाच तिकडे लायनर म्हणतात. याची जाडी साधारणतः अर्धा ते पाऊण मिलिमीटर. पाणी अडविणें एवढेंच या अस्तराचें काम. पाण्याचें ओझें पेलण्याचें काम खालच्या तळाचें आणि भिंतीमागील मातीचें. हा भेद ध्यानांत ठेविला, म्हणजे पुढील सर्व गोष्टी सुलभ होतील.

व्हिनिल म्हणजे आपण ज्याला पी. व्ही. सी. म्हणतों तोच पदार्थ. जर्मन रसायनज्ञ ऑयगेन बाउमान यांस तो १८७२ सालीं अकस्मात् आढळला. परंतु तो कठीण व ठिसूळ असल्यामुळें बरींच वर्षें निरुपयोगी राहिला. १९२६ सालीं वॉल्डो सेमन या अमेरिकन संशोधकानें त्यांत मृदुता आणणारें द्रव्य मिसळण्याची युक्ति शोधली, आणि तो रबरासारखा लवचिक झाला. अस्तराची लवचिकता या मिसळलेल्या द्रव्यावर अवलंबून असते. ऊन, क्लोरीन व काळ यांच्या योगें तें द्रव्य हळूहळू निघून जातें. म्हणून जुनें अस्तर ताठर बनतें.

आतां सुरकुत्यांच्या कारणांकडे वळूं. मुख्य कारणें तीन.

पहिलें कारण, खालून येणारें पाणी. अतिवृष्टि झाली किंवा वसंतांत बर्फ वितळलें, म्हणजे जमिनींतील पाण्याची पातळी वर चढते. येथें थोडें गणित करूं. पाण्याची उंची १ सेंटिमीटर असेल, तर दर चौरस मीटरवर १० किलोग्रॅम भार पडतो. तलावांत १ मीटर पाणी असेल, तर तळाच्या दर चौरस मीटरवर १००० किलोग्रॅम भार झाला. बाहेरील भूजल त्याच तळापासून १ मीटर १० सेंटिमीटर उंचीपर्यंत चढलें, तर तें अस्तरास खालून ११०० किलोग्रॅम बळानें उचलूं पाहील. वरचढ झालेले हे १०० किलोग्रॅम पाऊण मिलिमीटरचें अस्तर कसें थोपविणार ? तें जागचें सुटून उचललें जातें, आणि भूजल ओसरल्यावर पुन्हां खालीं बसतांना पूर्वीच्या जागीं न बसतां घड्या घालून बसतें. हिवाळ्यापूर्वीं तलावांतील पाणी कांहींसें उतरवून ठेवण्याचा प्रघात थंड प्रदेशांत आहे. त्यामुळें आंतील भार कमी होतो, आणि हा धोका वाढतो.

दुसरें कारण, पाण्यांतील आम्लता. पाण्याची आम्लता पी. एच. या मापानें मोजतात. ७ हा अंक समतोल दर्शवितो. त्याखालीं पाणी आम्ल, त्यावर अल्क. तलावाचें पाणी ७.२ ते ७.६ यांच्या दरम्यान असावें. तें दीर्घकाळ ७ च्या खालीं राहिलें, तर व्हिनिल पाणी शोषून फुगूं लागतें. त्याचें क्षेत्रफळ वाढतें. पण भिंती कांहीं त्याच्यासाठीं मागें सरत नाहींत. वाढलेला भाग मग सुरकुत्यांच्या रूपानें वर येतो. क्लोरीनच्या कांहीं वड्या स्वतःच तीव्र आम्लधर्मी असतात. त्या नुसत्या तळावर टाकल्या, तर त्या ठिकाणीं रंग उडतो आणि अस्तर बिघडतें.

तिसरें कारण, तळांतील दोष. अस्तर मापापेक्षां मोठें असेल, किंवा बसवितांना त्याच्यामागील हवा पुरती काढली नसेल, तर सुरकुत्या पहिल्या दिवसापासून राहतात. कोठें छिद्र पडून पाणी झिरपत असेल, तर खालची वाळू वाहून जाते, तळाला खळगे पडतात, आणि अस्तर त्यांत ढिलें पडतें.

आतां कारण ओळखावें कसें ? अतिवृष्टीनंतर सुरकुत्या एकाएकीं दिसल्या, आणि तळावर पाय ठेवला असतां पाण्यानें भरलेल्या गादीसारखा भास झाला, तर अस्तराखालीं पाणी आहे असें समजावें. त्या हळूहळू वाढल्या आणि रंगही फिका झाला, तर पी. एच. तपासावा. पाणी रोज उतरत असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. तलावाच्याच पाण्यानें एक बादली भरून ती तलावाच्या पायरीवर, बुडणार नाहीं अशी, ठेवावी. बादलीच्या आंतील व बाहेरील पातळीवर खूण करावी, आणि २४ तासांनीं पाहावें. उन्हानें व वाऱ्यानें होणारी घट दोहोंकडे सारखीच असते. तलावाची पातळी अधिक उतरली असेल, तर गळती आहे.

उपायही कारणाप्रमाणें वेगळे. भूजलाचा दोष असेल, तर अगोदर बाहेरील पाणी काढून देण्याची व्यवस्था करावी. आंतील पाण्यास हात लावूं नये. आम्लता वाढली असेल, तर धुण्याचा सोडा बादलींत विरघळवून, पंप चालूं ठेवून, थोडथोडा घालावा आणि पुन्हां माप घ्यावें. तलावासाठीं आणलेलें आम्ल व क्लोरीन हीं मात्र कधींही एकत्र करूं नयेत. त्यांतून विषारी वायु निघतो. अस्तर फार जुनें नसेल आणि पाणी उबदार असेल, तर लहान सुरकुत्या अनवाणी पायानें हळूहळू भिंतीकडे सारतां येतात. तुंबलेली मोरी मोकळी करण्याचा रबरी वाटीचा दांडा स्वच्छ धुऊन सुरकुतीच्या बाजूला दाबून ओढला, तरी अस्तर थोडें थोडें सरकतें. टोकदार वस्तु मात्र वापरूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. तलाव उपसण्याची घाई कां नको ? कारण, जें आंतील पाणी खालील भूजलास दाबून धरीत होतें, तेंच आपण काढून टाकतों, आणि सगळें अस्तर वर येण्याची भीति निर्माण होते. भिंतींना आंतून मिळणारा आधार जातो. मागील ओल्या मातीच्या रेट्यानें त्या आंत कलूं शकतात. शिवाय ताठर झालेलें अस्तर भार जातांच आक्रसतें, व पुन्हां पाणी भरतांना कोपऱ्यांत फाटतें. एका सुरकुतीपायीं सारा तलाव गमावण्याची वेळ येते. पाणी उतरविणें अपरिहार्यच असेल, तर तें जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीं, भूजल किती खोल आहे तें पाहून, उतरवावें.

आपल्याकडील शेततळ्यांच्या प्लास्टिकलाही हाच नियम लागू आहे. तळें रिकामें असतांना खालीं पाणी चढलें, तर तेंही उचललें जातें.

सुरकुती म्हणजे छिद्र नव्हे. तिच्यांत मळ व शेवाळ सांचतें, म्हणून तेथें मऊ ब्रशानें वरचेवर साफ करावें लागतें. पण केवळ तिच्यामुळें पाणी गळत नाहीं. जी निघत नाहीं ती अस्तर बदलण्याच्या वेळेपर्यंत तशीच राहूं द्यावी. परदेशांतून मुलाचा किंवा लेकीचा दूरध्वनि आला आणि तलाव उपसावयाची गोष्ट निघाली, तर आपण तीन प्रश्न विचारावे : पाऊस किती झाला, पी. एच. किती आहे, आणि बादलीची परीक्षा केली कां ? तोंवर पंप उपशाला लावूं नका, एवढें मात्र निक्षून सांगावें.