शीर्षकात शोधणाऱ्याचे शब्द हवेत

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची माहिती आपण अनेकदा ‘समाजबांधवांसाठी महत्त्वाची सूचना’ या शीर्षकाखाली टाकतो. पण शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेला विद्यार्थी गुगलवर ‘स्वाधार योजना कागदपत्रे’ असे शोधतो. हे शब्द शीर्षकात नसतील, तर आपले पान त्याला सापडणे अवघड होते.

प्रत्येक पानाला दोन शीर्षके असतात. शोधनिकालात ठळकपणे दिसते ते टायटल आणि पान उघडल्यावर वर दिसते ते मुख्य शीर्षक. लांबलेले टायटल निकालात मध्येच कापले जाते. म्हणून योजनेचे नाव आधी लिहावे: ‘स्वाधार योजना: पात्रता, कागदपत्रे, अर्ज’.

उपशीर्षकेही विद्यार्थ्याच्या प्रश्नांतून घ्यावीत: ‘अर्ज कोण करू शकतो?’ अक्षरे नुसती ठळक करू नयेत. ‘हेडिंग’ हाच पर्याय निवडावा. त्यामुळे पानाची रचना सर्च इंजिनला कळते आणि अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरलाही. एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबू नये आणि पानात नसलेल्या गोष्टीचे आश्वासन शीर्षकात देऊ नये.

हक्काची माहिती वेळेत सापडली नाही, तर अर्जाची मुदत निघून जाते. म्हणून शीर्षक लिहिणे हेही आपण चळवळीचेच काम मानू या.