सहचारी सरण्यांची तुलना
सहचारी सरण्यांची तुलना : ज्या सरणीतील प्रत्येक मूल्य क्रमांकाऐवजी एखाद्या नावाने ओळखले जाते, तिला सहचारी सरणी म्हणतात. या नावाला किल्ली अशी संज्ञा असून किल्ली व मूल्य मिळून एक नोंद होते. उदा., विद्यार्थ्याच्या गुणांच्या सरणीत ‘मराठी’ या किल्लीशी ६२ व ‘गणित’ या किल्लीशी ० ही मूल्ये जोडलेली असू शकतात. अशा दोन सरण्या सारख्या आहेत काय आणि नसल्यास फरक कोठे आहे, हे संकेतस्थळांमागील आज्ञावल्यांत वारंवार ठरवावे लागते. नव्याने भरलेला अर्ज पूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहणे हा त्याचा नेहमीचा प्रसंग होय. येथे पीएचपी या संगणकीय भाषेतील अंगभूत साधनांचा विचार केला आहे.

रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये आरंभ केलेली ही भाषा १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तीत साधी सरणी व सहचारी सरणी असा भेद नाही. दोहोंमागे क्रम राखणारे एकच हॅश कोष्टक असते. त्यात किल्लीवर गणिती क्रिया करून मूल्याची जागा काढतात. त्यामुळे सरणी मोठी असली, तरी एक नोंद शोधण्याचा वेळ सरासरीने फारसा वाढत नाही. किल्ली पूर्णांक किंवा अक्षरमाला असते. ‘८’ ही अक्षरमाला किल्ली म्हणून दिल्यास तिचा आपोआप पूर्णांक होतो, ‘०८’ मात्र अक्षरमालाच राहते. म्हणून हजेरीक्रमांक दोन ठिकाणी असे दोन तऱ्हांनी लिहिले, तर त्या नोंदी जुळत नाहीत. (हे रूपांतर इंग्रजी अंकांपुरतेच होते, देवनागरी अंकांतील किल्लीला यंत्र निव्वळ अक्षरे समजते.)

तुलनेची प्रमुख फलने तीन आहेत. ‘अ‍ॅरे डिफ’ केवळ मूल्ये पाहते, ‘अ‍ॅरे डिफ की’ केवळ किल्ल्या पाहते आणि ‘अ‍ॅरे डिफ असॉक’ दोन्ही पाहते. यांपैकी शेवटचे भाषेच्या ४·३ या आवृत्तीत (२००२), तर दुसरे ५·१ मध्ये (२००५) आले. ‘इंटरसेक्ट’ या नावाची फलने याच रीतीने समाईक नोंदी देतात. ‘डिफ’ फलने एकतर्फी आहेत, ही गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. पहिल्या सरणीत असून दुसरीत नसलेल्या नोंदीच ती परत करतात. दुसरीत जास्तीची नोंद असेल, तर उत्तर रिकामेच येते. म्हणून सरण्यांची अदलाबदल करून फलन पुन्हा चालवावे लागते.

खरी अडचण ‘सारखे’ या शब्दाच्या अर्थाची आहे. वरील फलने मूल्यांचे अक्षरमालेत रूपांतर करून ती ताडतात. त्यामुळे ० हा अंक व ‘०’ ही अक्षरमाला एकच ठरतात. तसेच ‘नल’ (मूल्याचा अभाव) व रिकामी अक्षरमाला यांतही फरक उरत नाही. सरण्यांची थेट तुलना करणारी दोन कारके वेगळ्या कसोट्या लावतात. दुहेरी समचिन्ह क्रमाकडे दुर्लक्ष करते आणि मूल्यांची सैल तुलना करते, तर तिहेरी समचिन्हाला मूल्य, त्याचा प्रकार व नोंदींचा क्रम ही सर्व जुळावी लागतात. गणितात शून्य गुण मिळालेला विद्यार्थी आणि परीक्षेस न बसल्यामुळे ज्याच्या गुणांच्या जागी ‘नल’ आहे असा विद्यार्थी, हे दुहेरी समचिन्हाच्या दृष्टीने सारखेच असतात. ‘अ‍ॅरे डिफ असॉक’ मात्र त्यांतील भेद दाखविते. ‘नल’ऐवजी ‘गैरहजर’ असा शब्द असला, तरी सातव्या आवृत्तीपर्यंत दुहेरी समचिन्ह तो शून्याबरोबर मानीत असे. २०२० मधील आठव्या आवृत्तीत हा नियम बदलला, परंतु शून्य व ‘नल’ यांची समानता कायम राहिली. निकालपत्रासारख्या ठिकाणी हा घोटाळा परवडणारा नाही.

मूल्य स्वतःच एक सरणी असेल, तर धोका वाढतो. अक्षरमालेत रूपांतर करताना आतील कोणत्याही सरणीचा ‘अ‍ॅरे’ हा एकच शब्द बनतो. परिणामी आतील गुण पूर्णपणे भिन्न असले, तरी ‘अ‍ॅरे डिफ असॉक’ फरक नाही असे सांगते. त्या वेळी इशारा दिला जातो खरा. पण चालू संकेतस्थळांवर इशारे पडद्यावर न दाखविण्याची प्रथा असल्याने तो बहुधा कोणी वाचत नाही. अशा वेळी आतील सरण्यांत क्रमाक्रमाने उतरणारे फलन स्वतः लिहावे, अथवा ‘अ‍ॅरे यू-डिफ असॉक’ला तुलनेचा आपला नियम पुरवावा, हे उत्तम.

अक्षरमालांची तुलना बाइटशः होते, याचा मराठी मजकुराशी विशेष संबंध आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. डोळ्यांना एकरूप दिसणाऱ्या अशा दोन किल्ल्या यंत्राला भिन्न वाटतात. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही सरण्यांतील मजकूर ‘नॉर्मलायझर’ या साधनाने एकाच रूपात आणून घ्यावा लागतो.