पाषाणचा चौकोन, पर्लकोटेचा पूर

भामरागडला तीन नद्या भेटतात: इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी. इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीतून निघते आणि बस्तर ओलांडून इथवर येते. ती दुथडी भरली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे सरकायला जागाच उरत नाही. पाणी मागे दाबलं जातं, आलापल्लीकडे जाणारा जुना ठेंगणा पूल बुडतो, बाजारातले दुकानदार माल वर चढवू लागतात आणि तालुका बाकीच्या जगापासून तुटतो. गावात त्या दिवशी फारसा पाऊस झालेला असेलच असंही नाही. तो बस्तरात झालेला असतो, आणि बस्तरात तो बंगालच्या उपसागरावरच्या कमी दाबाच्या पट्ट्यानं आणलेला असतो.

महाराष्ट्राचा समुद्र म्हटला की कोकण डोळ्यांपुढे येतं. भामरागडहून मात्र मुंबई सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर, तर विशाखापट्टणमचा किनारा जेमतेम ३५०. कागदोपत्री राज्य अरबी समुद्राचं असलं तरी गडचिरोलीचं पावसाळी पाणी बऱ्याच अंशी पूर्वेकडच्या समुद्राच्या मर्जीवर चालतं. ही मर्जी ओळखण्याचं काम ज्या संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे ती आहे पुण्यात: पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, सगळ्यांच्या तोंडी आयआयटीएम. १९६२ साली ती हवामान खात्याचा एक विभाग म्हणून सुरू झाली आणि १९७१ मध्ये स्वायत्त झाली.

त्याच १९७१ मध्ये सुलोचना गाडगीळ अमेरिकेहून परतल्या. जन्म पुण्याचा, शिक्षण फर्ग्युसनचं, पुढे हार्वर्ड. तिथे त्यांनी अभ्यासले होते ते समुद्रातले प्रवाह, आणि ते सरळ न वाहता नागमोडी वळणं का घेतात याचं गणित. पावसाशी त्याचा थेट संबंध नव्हता. परतल्यावर मात्र त्यांनी मान्सूनच धरला. दोन वर्षं आयआयटीएममध्ये काम करून त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, पण आयआयटीएममधले शास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्याशी जुळलेला धागा सुटला नाही.

सिक्का आणि गाडगीळ यांनी १९७३ ते १९७७ या पाच पावसाळ्यांतल्या उपग्रहांच्या चित्रांवर रोजच्या रोज ढगांचा पट्टा कुठे आहे हे पाहिलं. अभ्यासासाठी घेतलेली रुंदी ७० ते ९० अंश पूर्व रेखांश. या रुंदीची मधली रेषा ८० अंशांची, आणि ती गडचिरोली शहराला चाटून जाते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून एक गोष्ट पक्की झाली. जमिनीवरचा ढगांचा पट्टा एकाच जागी तळ ठोकून बसत नाही. तो विरतो, आणि मग विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर जन्मलेला नवा पट्टा उत्तरेकडे सरकत येऊन त्याची जागा घेतो. दोन ते सहा आठवड्यांनी हे पुन्हा घडतं. १९८४ मध्ये गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक उंबरठा दाखवला: समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंशांच्या खाली असेल तर त्यावर असे उंच ढग सहसा उभे राहत नाहीत.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी भागातल्या धानाच्या शेतकऱ्याला हे दोन ते सहा आठवडे वेगळ्या नावानं माहीत असतात. पऱ्हे तयार आहेत, बांधीत चिखल करायला पाणी नाही, मामा (माजी मालगुजारी) तलाव अर्धा रिकामा, आणि रोवणी खोळंबलेली. आभाळ रुसलं असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर पुढचा पट्टा अजून समुद्रावर तयार होत असतो.

हा समुद्र आतून कसा हलतो, हा गोव्याचा प्रांत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सतीश शेट्ये, डी. शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या लाटांचा मागोवा घेतला, त्या मालवणच्या वाळूवर फुटणाऱ्या नव्हेत. त्यांची लांबी शेकडो-हजारो किलोमीटर. वर पाहणाऱ्याला पाणी काही सेंटिमीटरच उचललेलं, पण आत गरम आणि थंड पाण्याची सीमा कितीतरी मीटर वरखाली झालेली. केल्विन लाट विषुववृत्तालगत पूर्वेला सुमात्रापर्यंत धावते, तिथून बंगालच्या उपसागराच्या काठाकाठानं वळसा घेते. रॉस्बी लाट सावकाश पश्चिमेला परतते. कुठल्या कोपऱ्यात गरम पाणी साठणार, हे बरंचसं या येण्याजाण्यातून ठरतं. हिंदी महासागराचा पश्चिम भाग गरम आणि पूर्व भाग थंड होण्याच्या अशाच एका खेळाला १९९९ साली साजी, बी. एन. गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी 'द्विध्रुव' म्हटलं. २०१९ मध्ये तो फार जोरात होता. त्याच पावसाळ्यात भामरागडचा संपर्क पुन्हापुन्हा तुटला. एका पुराचं खापर एका समुद्रावर फोडता येत नाही आणि शास्त्रज्ञही ते फोडत नाहीत. त्यासाठी पन्नास-पन्नास वर्षांचे आकडे लागतात.

ते आकडे येतात पर्जन्यमापकातून. हे यंत्र म्हणावं इतकंही यंत्र नाही. वर फनेल, आत पाणी साठवणारं भांडं, शेजारी काचेचं मोजपात्र. सकाळी साडेआठ वाजता कुणीतरी ते भांडं काढतं, पाणी मोजपात्रात ओततं आणि वहीत आकडा लिहितं. देशभरातल्या अशा १८०३ ठिकाणांच्या नोंदी जुळवून हवामान खात्याच्या पुणे कार्यालयात एम. राजीवन आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासूनचा रोजचा पाऊस एक अंशाच्या चौकोनांत मांडला. एक अंश म्हणजे साधारण १०० किलोमीटरची बाजू. एका तालुक्यात झालेली ढगफुटी आणि शेजारच्या तालुक्यातली कोरडी दुपार एकाच चौकोनात, एकाच सरासरीत.

या चौकोनांवरच गोस्वामी (जे आयआयटीएमचे संचालकही झाले) आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये तो गाजलेला निबंध लिहिला. त्यांनी 'मध्य भारत' म्हणून आखलेला मोठा चौकोन १६.५ ते २६.५ अंश उत्तर आणि ७४.५ ते ८६.५ अंश पूर्व असा आहे. त्याचा मध्यबिंदू काढला तर तो गोंदियाच्या आसपास येतो. चंद्रपूर आणि गडचिरोली पूर्णपणे आत. १९५१ ते २००० या काळात इथला हंगामाचा एकूण पाऊस फारसा बदललेला नाही, पण मुसळधार दिवस वाढले आणि मध्यम पावसाचे दिवस कमी झाले. बेरीज तीच, वाटणी बदलली. केवळ सरासरी पाहणाऱ्या सरकारी तक्त्यांत हा बदल दिसलाच नसता.

बदल का झाला, याचा पाठपुरावा आयआयटीएममधल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी केला. मूळचे केरळचे, डॉक्टरेट जपानच्या होक्काइदो विद्यापीठाची, आणि २०२४ मध्ये विज्ञान युवा शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराचे मानकरी. २०१७ च्या त्यांच्या निबंधानुसार १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या मुलखावर एकाच वेळी कोसळणारा, दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त असा पाऊस तिपटीनं वाढला. आश्चर्य म्हणजे बंगालच्या उपसागरातले वादळी पट्टे या काळात कमीच झाले होते. वाढीव बाष्प पुरवलं ते तापलेल्या अरबी समुद्रावरून अधूनमधून जोर धरणाऱ्या वाऱ्यांनी. म्हणजे पूर आणणारी गाडी पूर्वेची, तिच्यात भरलेला माल मात्र बराचसा पश्चिमेचा.

समुद्र तापला म्हणजे सगळीकडे पाऊस वाढला, असं सोपं समीकरणही टिकत नाही. २०२२ मध्ये जे. एस. सरण्या, कोल आणि सहकाऱ्यांनी सागरी उष्णतेच्या लाटा मोजल्या. त्या जागेच्या, त्या दिवसांच्या नेहमीच्या तापमानांपैकी सर्वांत वरच्या दहा टक्क्यांत पारा सलग पाच दिवस राहिला, तर ती सागरी उष्णतेची लाट. पश्चिम हिंदी महासागरात अशा लाटा दर दशकाला सुमारे दीडनं वाढत आहेत, उत्तर बंगालच्या उपसागरात अर्ध्यानं. या दोन्ही ठिकाणी समुद्र असा तापला की मध्य भारतावरचा पाऊस घटतो; उत्तर बंगालच्या उपसागरातल्या लाटांमुळे दक्षिणेत मात्र तो वाढतो. नवतपात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांना भिडतो तेव्हा वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येतो. समुद्राच्या अशा तापाची बातमी आतल्या पानावरही क्वचितच.

चंद्रपूरचं या कथेत दुहेरी स्थान आहे. शहराला खेटून २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी. हरितवायूंनी अडवलेल्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी पोटात घेतली आहे. या केंद्राच्या चिमण्यांमधून निघालेल्या वायूचा त्यातला वाटा जगाच्या हिशेबात नगण्य, पण शून्य नाही.

पाषाणच्या अंदाजांचे चौकोनही आता लहान होत चालले आहेत. २०२४ मध्ये 'अर्का' हा महासंगणक आला, आणि त्यावर चालणारी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्या जाळ्याची वीण ६ किलोमीटरची, आधीची १२ ची. सिक्का-गाडगीळांच्या दोन ते सहा आठवड्यांच्या लयीवर उभी राहिलेली विस्तारित अंदाजाची पद्धत आयआयटीएममध्येच घडली. हवामान खातं त्यावरून दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं. रोवणी आठवडाभर लांबवावी की तलावाचं पाणी आत्ताच सोडावं, हे ठरवायला याहून उपयोगी कागद दुसरा नाही. अडचण एवढीच की त्या अंदाजात विदर्भ हा एकच उपविभाग धरला जातो. बुलढाण्याची कपाशी आणि अहेरीचं धान नकाशावर एकाच रंगात रंगवलेलं असतं, आणि अहेरीत त्या आठवड्यात काय होणार ते कळायला जिल्ह्याचा कृषी सल्ला वेगळा वाचावा लागतो.